गाडी भरली, पण पावती निघेना : ‘सोप’ वेब सेवांतील बिघाड कसा शोधावा?

रायपूर : शहराच्या उत्तरेस बिरगावलगत वसलेले उरला औद्योगिक क्षेत्र आणि त्यापुढील सिलतरा हा पट्टा पोलाद, रोलिंग मिल आणि फेरो अलॉय उद्योगांसाठी ओळखला जातो. अशा कारखान्यातून सळयांनी भरलेली गाडी बाहेर पडते, तेव्हा वजनकाट्यावरील नोंद, बीजक, ई-वे बिल आणि वाहतूकदाराला द्यावयाची सूचना या साऱ्या गोष्टी एकामागोमाग व्हाव्या लागतात. मोठ्या आस्थापनांत हे काम आता माणसे नव्हे, तर एकमेकांशी बोलणाऱ्या संगणक प्रणाली करतात. या संभाषणातील एक दुवा तुटला, की भरलेली गाडी फाटकाच्या आतच उभी राहते.

हा विलंब केवळ गैरसोयीचा नसतो. ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचा असल्यास १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल सक्तीचे आहे आणि ते गाडी हलण्यापूर्वीच तयार व्हावे लागते. त्याविना निघालेली गाडी केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १२९ नुसार अडविली जाऊ शकते. मालक पुढे आला तरी करपात्र मालावर देय कराच्या २०० टक्के दंड भरण्याची तरतूद त्यात आहे. त्यामुळे संगणक बंद असल्याची सबब सांगून गाडी सोडून देणे कोणत्याही कारखान्याला परवडणारे नाही.

जुनी, पण अजूनही कार्यरत

ई-वे बिल आणि ई-बीजक यांच्या सरकारी प्रणाली ‘जेसन’ या सुटसुटीत मांडणीत माहिती घेतात. परंतु कारखान्याच्या आतील वजनकाटा, साठा, लेखा आणि वाहतूकदार यांना जोडणारे दुवे अनेक ठिकाणी आजही ‘सोप’ या जुन्या पद्धतीचे आहेत. १९९८ मध्ये डेव्ह वायनर, डॉन बॉक्स, बॉब ॲटकिन्सन आणि मोहसेन अल-घोसेन यांनी तिची आखणी केली. तिची १.१ ही आवृत्ती ८ मे २००० रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमकडे टिपणाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. १.२ ही आवृत्ती २४ जून २००३ रोजी अधिकृत शिफारस ठरली.

सोप संदेशाची रचना टपालासारखी आहे. बाहेर एक लिफाफा असतो, त्यात ऐच्छिक शीर्षभाग आणि मुख्य मजकूर असतो. काही चुकले तर मजकुराच्या जागी ‘फॉल्ट’ म्हणजे दोषसूचना येते. सेवा कोणते काम करते, कोणती माहिती कोणत्या रूपात मागते आणि तिचा पत्ता काय, हे ‘डब्ल्यूएसडीएल’ नावाच्या करारपत्रात लिहिलेले असते. मोठ्या उद्योगांत प्रचलित असलेल्या ‘एसएपी’ प्रणालीत या सेवांचा भरपूर वापर होतो. युरोपीय महासंघाची व्हॅट क्रमांक पडताळणारी ‘व्हीआयईएस’ सेवाही सोपवरच उपलब्ध आहे. म्हणूनच ही पद्धत जुनी झाली तरी तिच्यातील बिघाड शोधण्याचे ज्ञान कालबाह्य झालेले नाही.

प्रथम रस्ता, मग लिफाफा

बिघाड शोधताना क्रम महत्त्वाचा. संदेशातील चुका शोधण्यापूर्वी संदेश पलीकडे पोहोचतो का, हे पाहावे. ज्या यंत्रावरून सेवा बोलावली जाते, त्याच यंत्रावरून करारपत्राचा पत्ता उघडून पाहणे ही पहिली चाचणी. आपल्या टेबलावरील संगणकावर तो उघडला म्हणून सर्व्हरवरही उघडेल असे नाही, कारण दोघांचे फायरवॉल आणि प्रॉक्सीचे नियम वेगळे असू शकतात.

मात्र करारपत्र उघडले म्हणजे सेवा चालू आहे, असाही निष्कर्ष काढू नये. करारपत्राच्या शेवटी सेवेचा प्रत्यक्ष पत्ता दिलेला असतो. तो पुष्कळदा सेवा पुरविणाऱ्याच्या अंतर्गत यंत्राच्या नावाचा निघतो, आणि ते नाव बाहेरच्या जगाला ठाऊक नसते. अशा वेळी करारपत्र मिळते, पण प्रत्येक हाक वाया जाते. यावर उपाय म्हणजे आपल्या प्रणालीत योग्य पत्ता स्वतंत्रपणे नोंदविणे आणि पुरवठादाराला करारपत्र दुरुस्त करण्यास सांगणे.

कालपर्यंत चालणारी सेवा आज एकाएकी बंद पडली असेल, तर सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत पाहावी. जुन्या यंत्रांबाबत आणखी एक शक्यता असते. टीएलएस १.० आणि १.१ या कूटसंवादाच्या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे निवृत्त करण्यात आल्या. वजनकाट्याजवळचा दहा-बारा वर्षांचा संगणक तेवढ्याच आवृत्त्या जाणत असेल, तर नवा सर्व्हर त्याच्याशी बोलणे नाकारतो. तेथे संदेशात कितीही बदल केले तरी उपयोग होत नाही.

उत्तरात ‘एचटीएमएल’ हा अनपेक्षित घटक आढळल्याची तक्रार दिसली, तर सोप सेवेने उत्तर दिलेलेच नाही, असे समजावे. प्रॉक्सीचे त्रुटीपान किंवा प्रवेशनोंदीचे पान मध्येच परत आलेले असते.

दोन आवृत्त्यांचा गोंधळ

१.१ आणि १.२ या आवृत्त्यांचे लिफाफे दिसायला सारखे, पण त्यांची ओळखचिन्हे म्हणजे ‘नेमस्पेस’ भिन्न आहेत. १.१ चा संदेश ‘टेक्स्ट/एक्सएमएल’ या प्रकाराने जातो, तर १.२ चा ‘ॲप्लिकेशन/सोप+एक्सएमएल’ या प्रकाराने. प्रकार चुकल्यास सर्व्हर बहुधा ४१५ हा क्रमांक परत करतो आणि लिफाफा चुकल्यास ‘व्हर्जन मिसमॅच’ ही दोषसूचना येते. १.१ मध्ये ‘सोपॲक्शन’ ही वेगळी शीर्षओळही आवश्यक असते. ती गाळली किंवा चुकली, तर कोणते काम करायचे हे सेवेला कळत नाही.

दोषसूचना नीट वाचली, तर अर्धे काम होते. १.१ मध्ये ‘क्लायंट’ आणि १.२ मध्ये ‘सेंडर’ असा संकेत असेल, तर चूक पाठविणाऱ्याच्या संदेशात असल्याचे सेवेचे म्हणणे आहे. तोच संदेश पुन्हा पाठवून काही साधणार नाही. ‘सर्व्हर’ किंवा ‘रिसीव्हर’ असा संकेत असेल, तर अडचण पलीकडे आहे आणि काही वेळाने तोच संदेश स्वीकारला जाऊ शकतो. १.१ मध्ये कोणत्याही दोषसूचनेसोबत ५०० हा क्रमांक येतो. त्यामुळे केवळ ५०० पाहून पलीकडील सर्व्हर कोसळल्याचा तर्क करू नये. दोषसूचनेतील ‘डिटेल’ हा भाग उघडून वाचावा.

न बोलणारी चूक

सर्वांत घातक बिघाड तो, ज्यात दोषसूचना येतच नाही. नेमस्पेसमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा किंवा शेवटच्या एका तिरप्या रेषेचा फरक पडला, तर कित्येक सेवा तो घटक अनोळखी मानून मुकाट्याने सोडून देतात. काही डॉटनेट सेवांत घटकांचा क्रम बदलला तरी तेच घडते. संदेश यशस्वी झाल्याचे उत्तर येते, पण पलीकडे वजनाच्या रकान्यात शून्य नोंदलेले असते. म्हणून नवी जोडणी करताना केवळ यशाचे उत्तर पुरेसे मानू नये. पाठविलेली नोंद परत मागवून ती ताडून पाहावी.

‘अँड’चे चिन्ह, स्वल्पविराम आणि देवनागरी

भारतीय व्यवहारात वारंवार दिसणारा एक दोष व्यापारी पेढ्यांच्या नावांत दडलेला असतो. ‘अमुक अँड सन्स’ या नावातील ‘अँड’साठी वापरले जाणारे चिन्ह एक्सएमएलमध्ये राखीव आहे. ते जसेच्या तसे लिहिले, की संपूर्ण संदेश अवैध ठरतो. परिणामी शंभर ग्राहकांची बिले सुरळीत जातात आणि एकाच ग्राहकाचे बिल प्रत्येक वेळी अडकते. शब्द जोडून हाताने संदेश तयार करण्याऐवजी एक्सएमएल लिहिणारे तयार साधन वापरले, तर अशा चिन्हांचे योग्य रूपांतर आपोआप होते.

दुसरा दोष भाषेचा. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. ‘उरला’ या शब्दात काना धरून चार चिन्हे आहेत, पण त्याची लांबी १२ बाइट भरते. संदेशाची लांबी बाइटऐवजी चिन्हांत मोजून कळविली, तर पलीकडील सर्व्हर तेवढेच वाचून थांबतो आणि संदेशाचे शेपूट तुटते. इंग्रजी पत्त्यांवर चालणारी सेवा मराठी किंवा हिंदी पत्ता येताच बंद पडत असेल, तर हे कारण प्रथम तपासावे.

तिसरा दोष आकड्यांचा. १२,५०,००० असे स्वल्पविरामांसह लिहिलेले मूल्य आपल्याला वाचायला सोयीचे असले, तरी एक्सएमएलच्या दशांश प्रकारात स्वल्पविरामाला जागा नाही. तारीखही वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने लिहावी लागते. किलो आणि टन यांतील फरक तर कोणताही नियम पकडू शकत नाही. तो उभय पक्षांनी लेखी ठरवून घ्यावा.

साडेपाच तासांचा फरक

सुरक्षित सेवांत संदेशाच्या शीर्षभागात तो केव्हा तयार झाला आणि केव्हापर्यंत ग्राह्य आहे, याची वेळ असते. संगणकाचे घड्याळ काही मिनिटे मागे-पुढे असले, तरी योग्य संकेतशब्द असूनही संदेश नाकारला जातो. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूसीएफ प्रणालीत अशा फरकाची मूळ मर्यादा पाच मिनिटे आहे. याहून फसवी चूक म्हणजे भारतीय प्रमाणवेळ लिहून तिच्यापुढे जागतिक वेळेची खूण लावणे. मग आपला संदेश साडेपाच तास भविष्यातला ठरतो.

घड्याळ अचूक ठेवणे ही कायदेशीर अपेक्षाही आहे. ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या वेळेशी जोडून ठेवावयाची आहेत. प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जतन करण्याचेही त्यात बंधन आहे. बिघाड शोधताना याच नोंदी उपयोगी पडतात.

उत्तर आले नाही म्हणजे काम झाले नाही, असे नव्हे

वेळमर्यादा संपल्याची सूचना दिसली, की अनेकजण तोच संदेश पुन्हा पाठवितात. येथे सावधगिरी हवी. संदेश पोहोचला असेल, नोंदही झाली असेल, केवळ उत्तर वाटेत हरवले असेल, तर पुन्हा पाठविल्याने एकाच गाडीच्या दोन नोंदी होतात. साठ्यातून दुप्पट माल वजा होतो आणि बीजकांचा मेळ बसत नाही. प्रत्येक संदेशास एकमेव क्रमांक देणे आणि पुन्हा पाठविण्यापूर्वी तो क्रमांक पलीकडे नोंदला गेला आहे का हे विचारणे, हाच सुरक्षित मार्ग.

लहान संदेश जातात आणि मोठे अडतात, असे दिसल्यास आकाराची मर्यादा पाहावी. डब्ल्यूसीएफमध्ये ती मुळात ६५,५३६ बाइट एवढीच असते. बीजकाची प्रत बेस-६४ रूपात जोडली, तर तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, हेही ध्यानात ठेवावे. सेवेत बदल होऊनही आपली प्रणाली जुन्याच पद्धतीने वागत असेल, तर साठविलेले करारपत्र काढून टाकावे. पीएचपीमध्ये ते मूळ मांडणीनुसार ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस जपून ठेवले जाते.

फाटकावर काय करावे?

बिघाडाच्या वेळी सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे पाठविलेला आणि परत आलेला मूळ संदेश. ‘सेवा चालत नाही’ या एका वाक्याच्या तक्रारीवर पुरवठादार काही करू शकत नाही. दोन्ही संदेश, अचूक वेळ आणि दोषसूचनेचा मजकूर हाती असेल, तर जबाबदारी कोणाची हे लवकर ठरते. मात्र ते पाठविण्यापूर्वी त्यातील संकेतशब्द आणि व्यक्तिगत माहिती झाकावी. तोच संदेश ‘सोपयूआय’सारख्या साधनातून पाठवून पाहिल्यास दोष आपल्या प्रणालीत आहे की सेवेत, याचाही उलगडा होतो.

तपास चालू असताना काम थांबू नये, यासाठी पर्यायी मार्ग आधीच ठरलेला असावा. ई-वे बिल संकेतस्थळावर माहिती हाताने भरूनही काढता येते. त्यासाठी लागणारा प्रवेशाधिकार रात्रपाळीतील कर्मचाऱ्याकडे आहे का, हे बिघाड होण्यापूर्वी पाहिले पाहिजे. हाताने केलेल्या नोंदी वेगळ्या वहीत ठेवून दुवा पूर्ववत झाल्यावर त्या प्रणालीत एकदाच चढवाव्यात. अन्यथा गाडी वेळेवर निघते, पण महिनाअखेरीस तिचा हिशेब दोनदा लागतो.