मिताहार आणि आहाराची रोजकीर्द

'मिताहार' हा शब्द आपण नित्य उच्चारतों. परंतु त्याचा अर्थ बहुधा 'थोडें खाणें' एवढाच घेतों. वस्तुतः 'मित' हें 'मा' म्हणजे मोजणें या धातूचें रूप होय. तेव्हां मिताहार म्हणजे मोजलेला आहार. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पांचव्या अध्यायाचें 'मात्राशितीय' हें नांवही याच धातूशीं नातें सांगतें. जें मोजलेंच नाहीं, तें थोडें कीं फार हें ठरवावें तरी कशावरून?

आमच्या वर्धा जिल्ह्यास हा विचार नवा नाहीं. महात्मा गांधी १९३६ सालीं शेगांवीं राहावयास आले. पुढें त्याच गांवाचें सेवाग्राम झालें. विलायतेंत विद्यार्थी असतांना ते पैपैचा हिशेब रोज रात्रीं निजण्यापूर्वीं लिहीत, असें त्यांनीं आत्मकथेंत नमूद केलें आहे. १९१५ च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यांत त्यांनीं, चोवीस तासांत पांचांहून अधिक पदार्थ घ्यावयाचे नाहींत व अंधार पडल्यावर जेवावयाचें नाहीं, असें व्रत घेतलें. आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्वादाची गणना होती, आणि आश्रमवासीयांनीं रोजनिशी ठेवावी असा त्यांचा आग्रह असे. त्यांचा हेतु वजन उतरविण्याचा नसून संयमाचा होता. परंतु साधन तेंच.

अर्वाचीन संशोधनही हेंच सांगतें. वजन उतरवूं पाहणाऱ्या सुमारें १७०० अमेरिकन स्त्रीपुरुषांच्या २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, रोज आहार लिहिणारांचें वजन मुळींच न लिहिणारांच्या दुप्पट उतरलेलें आढळलें. मात्र नोंद खरी हवी. 'आम्ही अत्यल्प खातों, तरी वजन हलत नाहीं' असें म्हणणाऱ्या कांहीं स्थूल व्यक्तींची तिकडेच परीक्षा झाली. तिचा निष्कर्ष १९९२ सालीं प्रसिद्ध झाला, तो असा कीं, त्यांनीं नोंदविलेला आहार प्रत्यक्षाच्या जवळजवळ निम्माच होता! त्यांत लबाडीच होती असें नव्हे. हात धुतल्यावर घांस विसरणें हा मनुष्यस्वभावच आहे.

आपल्या घरांत काय विसरलें जातें तें पाहा. गृहिणीच्या पानांतील दोन पोळ्या वहींत येतात. परंतु अन्न वायां जाऊं नये म्हणून शेवटीं संपविलेला वाटीभर भात, मुलाच्या ताटांतील अर्धी पोळी, यांची नोंद होत नाहीं. चमचाभर, म्हणजे पांच ग्रॅम तुपाचे ४५ उष्मांक होतात. वरण, भात, पोळी मिळून दिवसांत असे पांच चमचे गेले कीं सव्वादोनशे झाले. पाहुण्यांबरोबर खाल्लेला वर्ध्याचा गोरसपाक आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी हीं तर आपण जेवणांत धरीतच नाहीं. एकादशीस पोटापेक्षां लेखणीलाच अधिक उपवास घडतो! आणि सणवार, लग्नकार्यें, प्रवास यांच्या दिवशींच वही मिटलेली राहिली, तर उरलेल्या पानांवरून कोणता बोध व्हावा?

पद्धति अगदीं सोपी आहे. एक साधी वही स्वयंपाकघराशेजारीं ठेवावी. तींत वेळ, पदार्थ, माप आणि कारण असे चार रकाने आंखावे. 'कारण' म्हणजे भूक होती, कीं कोणाचा आग्रह, कीं नुसता कंटाळा. घरांतील वाटींत किती मावतें तें एकदां मोजून ठेवावें. खाल्ल्याबरोबर लिहावें, रात्रीं आठवून लिहूं नये. एखादा दिवस राहिलाच, तर तो कोरा सोडावा. कल्पनेनें भरूं नये. वजन आठवड्यांतून एकदां, ठराविक वेळीं करावें.

दोन पथ्यें मात्र अवश्य पाळावीं. वही ज्याची त्यानेंच वाचावी. सुनेची वही सासूबाईंनीं तपासूं लागतांच ती खोटी होईल, आणि बिचारीच्या घशाखालीं घांसही उतरणार नाहीं. तसेंच वाढत्या वयाचीं मुलें, गर्भवती व मुळांतच कृश असलेल्या व्यक्ती यांस या हिशेबांत ओढूं नये; मधुमेहाचें औषध चालू असेल तर डॉक्टरांस विचारल्यावांचून आहार घटवूं नये.

आपल्याकडे पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरांवर गेलेला कमरेचा घेर धोक्याची खूण मानितात. ज्यांच्या घरीं मधुमेह वा हृद्रोग पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे, त्यांनीं तरी ती उपेक्षूं नये. वाण्याचा हिशेब आपण दरमहा न चुकतां तपासतों. त्याच दाळ-तांदळाचा शरीरानें मांडलेला हिशेब पाहण्यास दिवसाचीं पांच मिनिटें पुरतात. तीं रोज मात्र दिलीं पाहिजेत.