ज्वारीच्या किरळीत विष येते कुठून?

मागच्या एका पावसाळ्यातली गोष्ट. जेऊर भागात जूनमध्ये दोन पाऊस बरे झाले. लोकांनी जनावरांच्या वैरणीसाठी म्हणून ज्वारी टाकली आणि मग पावसाने जी ओढ दिली ती तब्बल पंचवीस दिवस. ज्वारी गुडघ्याच्या वर गेलीच नाही. पाने पिवळट, पोंगे करपलेले. त्यानंतर एक दणक्याचा पाऊस पडला आणि चार-सहा दिवसांत बुडातून हिरवेगार फुटवे निघाले. बघणाऱ्याला वाटावे, चला, वैरणीचे भागले. एका सकाळी एका शेतकऱ्याची वेताला आलेली म्हैस आणि एक कालवड दावे तोडून त्या रानात शिरली. अर्ध्या तासात कालवड आडवी झाली. म्हैस कशीबशी घरापर्यंत आणली, ती गोठ्याच्या दारात बसली ती उठलीच नाही.

मी पोहोचलो तेव्हा अंगणात पन्नास माणूस जमले होते आणि विषय जनावरांचा राहिलाच नव्हता. शेजारच्या भावकीशी बांधाचा वाद चालू होता. "त्यानंच औषध टाकलं, दुसरं कोण टाकणार?" असे बोलणे सुरू. पोलीस पाटलांना निरोप गेला होता, एक पोरगा काठी घेऊन निघालाही होता. कोपऱ्यात बसलेले एक म्हातारे तात्या दोनदा म्हणाले, "आरं, किरळ लागली आसंल." पण त्यांचे ऐकतो कोण?

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी आधी म्हशीच्या शिरेतले रक्त बघितले. लालभडक. मग रानातून फुटवे आणायला लावले, चेचून एका बाटलीत घातले आणि बुचाला एक पिवळी कागदाची पट्टी अडकवून बाटली बंद केली. दुसऱ्या बाटलीत तसाच वाळलेला कडबा, तशीच पट्टी. दोन्ही बाटल्या ओट्यावर ठेवल्या आणि सगळ्यांना सांगितले, "वीस मिनिटं कुणी हलायचं न्हाई." पन्नास माणसे दोन बाटल्यांकडे बघत बसली. कडब्याची पट्टी पिवळीच राहिली. फुटव्याची पट्टी आधी नारिंगी झाली, मग विटकरी. काठीवाला पोरगा खाली बसला.

शेतकरी बंधूंनो, ही पिवळी पट्टी म्हणजे पिक्रिक आम्ल आणि धुण्याचा सोडा यात भिजवलेला कागद. फ्रान्समधल्या गिन्यार नावाच्या शास्त्रज्ञाने ही युक्ती १९०६ साली काढली. हायड्रोसायनिक आम्लाचा, म्हणजे साध्या भाषेत सायनाइडचा वायू लागला की ती लाल होते. घरी कुणी हा प्रयोग करू नये. पिक्रिक आम्ल वाळले की स्फोटक असते, ते डॉक्टरांकडेच राहू द्या.

आता ज्वारी म्हणजे आपले अन्न. तिच्यात सायनाइड आले कुठून? या प्रश्नामागे बऱ्याच सरकारी माणसांच्या नोकऱ्या खर्ची पडल्या आहेत.

दुष्काळात ज्वारी खाऊन जनावरे मरतात हे आपल्याकडे पूर्वापार माहीत होते. कारण मात्र कुणाला ठाऊक नव्हते. कोणी म्हणे किडा, कोणी म्हणे करणी. १८९६ साली पंजाबातले सरकारी पशुवैद्य पीज यांनी असा चारा तपासला आणि त्यात सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, भरपूर सापडला. त्यांनी निकाल दिला की जनावरे सोऱ्याने मरतात. पुढे १९०२ साली लंडनमध्ये डन्स्टन आणि हेन्री या दोन रसायनतज्ज्ञांनी कोवळ्या ज्वारीतून एक नवाच पदार्थ वेगळा काढला. अरबीत ज्वारीला दुर्रा म्हणतात, त्यावरून नाव ठेवले धुरिन. धुरिन स्वतः साखरेला जोडलेला गरीब पदार्थ. पण तो फुटला की त्यातून सायनाइड सुटते.

इकडे हिंदुस्थान सरकारचे शेती रसायनतज्ज्ञ होते डॉ. जे. वॉल्टर लेदर. डॉ. व्होएलकर यांनी देशभर फिरून शेतीची पाहणी केली, त्यानंतर १८९२ साली या पदावर लेदर आले. पुढे ते बिहारमधल्या पुसा येथील संस्थेत काम करत होते आणि १९१६ पर्यंत नोकरीत राहिले. पावसाच्या पाण्यात किती नत्र येते, जमिनीतून किती ओल उडते, एका पिकाला किती पाणी लागते, अशी कामे त्यांनी वर्षानुवर्षे केली. १९०६ साली त्यांनी भारतातल्या वनस्पतींमधल्या सायनाइडवर लेख लिहिला. आम्हा सरकारी माणसांना लोक कागद रंगवणारे म्हणतात. ते अगदीच खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण काही कागद शंभर वर्षांनी सुद्धा गोठ्याच्या दारात उपयोगी पडतात.

आणि पीज साहेब चुकले का? पूर्ण नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून थांबून सांगतो. पाण्याचा ताण आणि वरून युरियाचा मारा, अशा ज्वारीत नायट्रेट सुद्धा साठते आणि त्यानेही जनावर मरते. पण दोन्ही विषांची तऱ्हा उलटी. सायनाइडमध्ये रक्त लालभडक, नायट्रेटमध्ये चॉकलेटी तपकिरी. सायनाइडला डॉक्टर शिरेतून सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट देतात. नायट्रेटच्या विषबाधेत नायट्राइट दिले तर जनावर वाचायच्या ऐवजी लवकर जाईल, तिथे मिथिलीन ब्लू लागते. म्हणून कुणाच्या सांगण्यावरून दुकानातून इंजेक्शन आणून टोचू नका. रक्ताचा रंग बघूनच डॉक्टर ठरवतात.

सायनाइड मारते कसे? जेऊर स्टेशनाचेच उदाहरण घ्या. मालगाडी आली, वॅगन भरलेल्या, पण हमाल कामावर नाहीत. माल उतरतच नाही, भरलेली गाडी तशीच पुढे जाते. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण शरीरातल्या पेशी तो उतरवून घेऊ शकत नाहीत. म्हणून परत जाणारे रक्त सुद्धा लालच राहते आणि जनावर मात्र गुदमरते. धाप, तोंडाला फेस, झोकांड्या, थरथर आणि खेळ खलास. कधी कधी दहा-पंधरा मिनिटांत.

ज्वारीच्या पानात धुरिन एका कप्प्यात असते आणि त्याला फोडणारे विकर शेजारच्या दुसऱ्या पेशीत. पान शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. जनावराने चावले, दव-धुक्याने करपले, पायाखाली तुडवले की गाठ पडते. त्यात गाई-म्हशींच्या मोठ्या पोटातले जंतू उरलेले धुरिनही फोडतात. त्यामुळे घोड्यापेक्षा रवंथ करणाऱ्या जनावराला धोका जास्त.

हिशेब करून बघा. जनावराच्या दर किलो वजनामागे साधारण २ मिलिग्रॅम सायनाइड जीव घ्यायला पुरते. ३०० किलोच्या गाईला झाले ६०० मिलिग्रॅम. हिरव्या चाऱ्यात दर किलोला २०० मिलिग्रॅम ही धोक्याची रेषा धरतात. म्हणजे तीन किलो चारा झाला. ताण बसलेल्या फुटव्यात प्रमाण याच्या दुप्पट असले तर दीड किलो, म्हणजे भुकेल्या म्हशीचे पाच-दहा मिनिटांचे खाणे. हेच हळूहळू, कडब्यासोबत पोटात गेले तर यकृत गंधकाच्या मदतीने सायनाइड निकामी करत राहते. थायोसल्फेट हा त्या गंधकाचाच पुरवठा आहे. फोटो स्टुडिओवाले फिल्म धुवायला जे हायपो वापरायचे, तेच ते.

आता पुढचा भाग, जो आमच्या डिप्लोमाच्या पुस्तकात नव्हता. २००९ साली ज्वारीचा संपूर्ण जीनोम वाचून झाला. जीनोम म्हणजे काय? तलाठी कार्यालयातले गावाचे सगळे दप्तर समजा. जीन म्हणजे त्यातला एकेक सातबारा. ज्वारीचे दप्तर सुमारे ७३ कोटी अक्षरांचे आहे आणि त्यात तीस हजारांच्या आसपास उतारे. त्यातले धुरिन तयार करणारे मुख्य उतारे तीनच. ते डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला मोलर यांच्या प्रयोगशाळेने १९९५ ते १९९९ या काळात एकेक करून शोधले होते. मोलर हे अमेरिकेतल्या एरिक कॉन यांच्याकडे शिकलेले, आणि कॉन यांनी तर या धुरिनवर उभी हयात घालवली. २०११ साली दिसून आले की हे तिन्ही उतारे एकाच गटात लागून लागून आहेत. भावकीच म्हणायची!

ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात ब्लोमस्टेट, ग्लेडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्वारीच्या बियाण्याला रसायन लावून त्यात बदल घडवले, आलेली रोपे सायनाइडसाठी तपासली आणि २०१२ साली एक रोप जाहीर केले, ज्यात विष अजिबात नाही. पहिल्या उताऱ्यात एकच अक्षर बदलले होते. सातबाऱ्यावर एक अक्षर चुकले तर काय होते हे मी आपल्याला सांगायला नको. त्यांना दुसरे एक झाड असेही मिळाले की कोवळेपणी विष असते, पण वाढेल तसे जाते.

"मग सायेब, असलं बी कधी मिळणार?" हा प्रश्न मला प्रत्येक सभेत येतो. गडबड करू नका. बिनविषाची रोपे सुरुवातीला हळू वाढतात असे दिसले आहे. विष ज्वारीने आपल्या जनावरांवर डूख धरून ठेवलेले नाही, ते किडीसाठी आहे. २००१ साली हेच तीन जीन मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात घातले, तर पाने खाणारे भुंगेरे त्याला तोंड लावेनात. शिवाय ताणाच्या काळात धुरिन हा झाडाचा नत्राचा साठाही असतो, असे मानतात. आपली मालदांडी मोहोळच्या केंद्रात १९३०च्या दशकात निवडून काढलेली, अजून कमी ओलीवर उभी राहते. तिच्या कोवळ्या रोपात सुद्धा हे विष असतेच. ते काढताना तिचा काटकपणा गेला तर काय करायचे, हे शास्त्रज्ञांना आधी बघावे लागेल.

तोवर आपल्या हातात काय आहे? ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत जनावर आत सोडायचे नाही. ताण पडून पाऊस झाला की नव्या फुटव्याला तर हातच लावायचा नाही. आपल्याकडे नवीच भर पडली आहे ती उसाच्या पाण्याची. फेब्रुवारी-मार्चमध्ये रब्बी ज्वारी काढली, शेजारच्या उसाचे पाणी पाझरले की उन्हाळ्यात सुद्धा खोडव्याला किरळ फुटते आणि वैरण टंचाईत तीच डोळ्यांत भरते. कापून नीट वाळवली तर विष बरेचसे उडून जाते, चांगला मुरलेला मुरघासही चालतो. रानात सोडण्याआधी जनावराच्या पोटात कडबा असू द्या. आणि ट्रेमध्ये बिनमातीचा चारा करणाऱ्यांनी मका वापरावा, ज्वारी नको. तीन-चार दिवसांच्या ज्वारीच्या कोंबात विष सगळ्यात जास्त असते. पिकलेल्या दाण्याची भीती बाळगू नका, भाकरी खुशाल खा.

किरळ लागलेल्या जनावराला गूळपाणी, ताक पाजत बसू नका. धाप लागलेली असताना ते फुप्फुसात जाते. चारा बाजूला करा आणि १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन लावा.

पोलीस पाटील, ग्रामसेवक, तलाठी यांना एक विनंती. जनावर मेले की घाईने पुरू देऊ नका, आधी शवविच्छेदन होऊ द्या. सायनाइड वायूरूपाने उडून जाते, त्यामुळे नमुना उघड्या पिशवीत दोन दिवस ठेवून पाठवला तर त्यात काही सापडणार नाही, आणि मग संशय कायमचा राहतो. पोटातला चारा आणि यकृताचा तुकडा डॉक्टरांकडून घट्ट झाकणाच्या बरणीत, बर्फात ठेवून घ्या. रानातले फुटवे ज्या जागी खाल्ले त्याच जागेचे, वेगळ्या बरणीत. पंचनाम्यात पिकाची उंची, शेवटचा पाऊस कधी, युरिया किती दिला हे लिहा. नमुना पुण्याला औंध येथील पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे कसा आणि कुणामार्फत जाईल ते डॉक्टर सांगतील.

त्या दिवशी पंचनामा पोलीस पाटलांनी मी सांगितला तसा लिहिला. दुपारी खड्डा खणायचा प्रश्न आला, तेव्हा ज्याच्यावर आळ होता तोच शेजारी जेसीबी घेऊन आला. म्हशीवर माती लोटेपर्यंत दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. मग तात्यांनीच दोघांना चहाला बसवले. बांधाचा दावा अजून चालू आहे.