चिंचिलाला हात लावण्यापूर्वी

"आई, आपण एखादा प्राणी पाळू या ना!" हा हट्ट जर्मनीतल्या आपल्या बहुतेक घरांतून कधी ना कधी ऐकू येतो. कुत्र्याला दिवसातून तीन वेळा फिरवून आणायला कोणाला वेळ नसतो, मांजर म्हटले की घरमालक कुरकुरतो, आणि मग नजर जाते चिंचिलाकडे. मोठे गोल कान, खारीसारखी झुपकेदार शेपटी, जेमतेम अर्धा किलो वजन आणि मखमलीने लाजावे अशी राखाडी फर. (नावातल्या चिंचेवरून घरात चार दिवस कोट्या होतात त्या वेगळ्याच.) पण पिंजरा घरी येतो आणि मुलांचा हिरमोड सुरू होतो. हात आत गेला की प्राणी कोपऱ्यात दडतो, भुंकल्यासारखा ओरडतो. मादी असेल तर मागच्या पायांवर उभी राहून लघवीची पिचकारीही मारते. जबरीने धरलेच, तर मुठीत केसांचा पुंजका राहतो आणि प्राणी पसार होतो!

हे आजारपण नव्हे, खोडसाळपणाही नव्हे. चिंचिला मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. कोरडी थंड हवा, खडकांच्या कपारी, वर घिरट्या घालणारे शिकारी पक्षी आणि खाली कोल्हे, असे त्याचे जग. शत्रूच्या तोंडी केस सोडून निसटायचे हे त्याचे हत्यार. आपल्याकडे पाल शेपूट सोडते ना, तसेच. ती जागा पुन्हा भरून यायला कित्येक आठवडे लागतात. ज्या फरमुळे तो जगला, तिच्याचपायी माणसाने त्याची इतकी शिकार केली की रानातला चिंचिला आज दुर्मिळ झाला आहे. मॅथायस चॅपमन या अमेरिकन खाण-अभियंत्याने 1923 साली जेमतेम डझनभर चिंचिला कॅलिफोर्नियात नेले. आज घरोघरी दिसणारे बहुतेक चिंचिला त्यांचेच वंशज. उंदीर-घुशींच्या मानाने माणसाशी त्यांची ओळख अगदीच नवी आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

म्हणून पहिले काही दिवस हात लावूच नये. संध्याकाळी, त्याच्या जागे होण्याच्या वेळी, पिंजऱ्याजवळ जमिनीवर बसावे, हलक्या आवाजात बोलावे आणि तळहात उघडा ठेवावा. हात नेहमी समोरून, खालच्या पातळीवर न्यावा. वरून आलेला हात म्हणजे त्याच्या लेखी झडप घालणारा ससाणाच. खाऊ म्हणून वाळलेल्या रानगुलाबाच्या फळाचा, म्हणजे हागेबुटेचा, छोटा तुकडा पुरे. आपल्या घरात प्रेमापोटी पुढे केले जाणारे बेदाणे, बदाम, खडीसाखर मात्र आजीच्या हातूनही नको. त्याचे पोट वाळल्या गवतावर पोसलेले असते, साखर आणि तेल त्याला सोसत नाही. आणि हो, कुकरची शिट्टी आणि पाहुण्यांची वर्दळ यांपासून पिंजरा दूर हवा.

उचलणे भागच असेल, तर एक हात छातीखाली, दुसरा पार्श्वभागाखाली, आणि प्राणी आपल्या अंगाशी टेकलेला. बरगड्या नाजूक असतात, त्यामुळे मूठ आवळायची नाही. मानगुटीला किंवा शेपटीच्या टोकाला तर कधीच धरायचे नाही. त्याहून सोपी युक्ती म्हणजे त्याच्या ओळखीची लाकडी पेटी पुढे ठेवावी, तो आपणहून आत शिरतो, मग पेटीच उचलावी. लहान मुलांनी उभ्याने उचलू नये. उडी मारली तर पाय मोडतो. जर्मन प्राणिसंरक्षण कायद्यानुसार 16 वर्षांखालील मुलाला पालकांच्या संमतीशिवाय असा प्राणी देता येत नाही. माझ्या मते तो नियम शहाणपणाचा आहे.

आता निगा. आपला पिंड अभ्यंगस्नानाचा, त्यामुळे मळकट दिसणाऱ्या जिवाला न्हाऊ घालावेसे वाटणे साहजिक आहे. इथे मात्र पाणी वर्ज्य! एकेका रंध्रातून 50-60 केस निघतात. ओली झालेली फर आतून लवकर वाळत नाही, मग थंडी बाधते, बुरशी धरते. चिंचिलाचे स्नान वाळूचे. जड, रुंद भांड्यात दोन-तीन सेंटिमीटर वाळू घालून रोज संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटे ठेवली की तो गिरक्या घेत लोळतो, आणि ते पाहणे हीच खरी करमणूक. पिशवीवर 'चिंचिला-झांड' लिहिले म्हणून भागत नाही, घटक वाचावेत. अटापुल्गिट किंवा सेपिओलिथ चांगले. स्वस्त क्वार्ट्झची वाळू केस तोडते. डोळ्यांतून पाणी येऊ लागले तर वाळू थांबवून डॉक्टरांना दाखवावे. घरात कोणाला दमा असेल तर ती बारीक धूळ आधीच विचारात घ्यावी.

कंगवा घरच्या प्राण्याला सहसा लागत नाही. केस गुंतलेले दिसले तर कात्री शोधण्याऐवजी कारण शोधावे. हनुवटी ओली राहत असेल तर दातांचे दुखणे असण्याचा संभव मोठा. त्याचे दात जन्मभर वाढतात आणि गवत कमी पडले की वाकडेतिकडे होतात. केस गळून खवले दिसले तर ती बुरशी असू शकते आणि ती मुलांनाही लागते.

सर्वांत मोठा धोका उन्हाळ्याचा. 25 अंशांपुढे त्याचा जीव घाबरा होतो, आणि इथल्या छपराखालच्या घरांत वातानुकूलन क्वचितच असते. 25 जुलै 2019 रोजी ड्यूसबुर्ग परिसरात 41.2 अंश तापमान नोंदले गेले होते! सकाळीच रोललाडन खाली ओढावेत, पिंजऱ्यात गार फरशीचा तुकडा ठेवावा. कान लालभडक होऊन प्राणी आडवा पडला, धापा टाकू लागला, तर गार जागी हलवून ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. तेव्हाही पाण्यात बुडवू नये.

चिंचिला पंधरा-वीस वर्षे जगतो आणि त्याला एकटे ठेवणे बरे नव्हे, म्हणजे आणायचे ते दोन. आज आठवीत असलेली मुलगी शिक्षणासाठी गाव सोडेल तेव्हाही ते घरातच असतील. शिवाय आपण चार-सहा आठवडे भारतात जातो ते नेमके उन्हाळ्यात. त्या दिवसांत कोण शेजारी रोज संध्याकाळी येऊन वाळू ठेवेल, कान पाहील आणि खिडकीची झडप ओढेल, हे टीअरहाइमच्या करारावर सही करण्याआधी विचारून ठेवा. लहान प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांचा पत्ताही त्याच दिवशी लिहून घ्या, कारण कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला चिंचिलाचे दात तपासता येतात असे नाही.