जोडताडांची वसाहत

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात, सॅन हसिंटो नामक दहा हजार फुटांहून उंच पर्वताने समुद्राकडून येणारे मेघ अडवून धरल्यामुळे ज्या भूमीच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम पाच इंच पर्जन्य येतो, आणि ग्रीष्मात जेथील पारा ४५ अंशांचीही मर्यादा जुमानत नाही, त्या वाळवंटात पाम स्प्रिंग्ज हे शहर वसले आहे. हॉलिवूडच्या नटनट्यांचे विश्रांतिस्थान म्हणून त्याची ख्याती झाली खरी. परंतु तेथील धनिकांच्या प्रासादांपेक्षा, रिचर्ड नॉयट्राच्या सुविख्यात कॉफमन निवासापेक्षाही, १९५७ च्या सुमारास शहराच्या दक्षिण अंगास उभी राहिलेली ‘ट्विन पाम्स’ ही मध्यमवर्गाच्या ऐपतीचा विचार करून रचलेली वसाहत मला अधिक मोलाची वाटते. कारण तेथील सौंदर्य काटकसरीच्या पोटी जन्मास आले आहे.

जॉर्ज अलेक्झांडर आणि त्यांचे चिरंजीव रॉबर्ट हे या वसाहतीचे बांधकाम व्यावसायिक, आणि शांघायमध्ये जन्मलेला विल्यम क्रिझेल हा तिचा वास्तुशिल्पी. त्याने घर आखले ते सुमारे ४० फूट लांब व तितकेच रुंद, म्हणजे १,६०० चौरस फुटांचे. मोरी, न्हाणीघर आणि त्यांचे नळ एका जागी एकवटलेले. छपराचा भार खांब-तुळयांवर, त्यामुळे बाहेरच्या भिंतीच्या जागी खुशाल काच बसवावी. असा एकच नकाशा पुनःपुन्हा बांधावयाचा म्हटले की लाकूड मापाने कापून ठेवता येते, मजुरी वाचते आणि किंमत आटोक्यात राहते. पण एकसारखी घरे रांगेने उभी केली तर वसाहतीची बरॅक व्हावयाची! यावर क्रिझेलची युक्ती अशी, की तोच चौरस कोठे पाव वळसा फिरवावा, कोठे रस्त्यापासून मागे सारावा, आणि वर कधी सपाट, कधी उतरते, तर कधी फुलपाखराने पंख उचलावेत तसे छप्पर चढवावे. रस्त्याने जाणाऱ्यास प्रत्येक घर निराळे वाटते. सुतारास मात्र ते पाठ असते.

त्या फुलपाखरी छपरापाशी थोडे थांबले पाहिजे. छप्पर मध्ये उंच आणि कडांना उतरते असावे, हा पावसाळी मुलखाचा दंडक. येथे तो नेमका उलटा केला आहे. पाणी मधल्या पन्हळीकडे वाहते, आणि इतक्या अल्प पर्जन्यात तिच्यावर ताण तो किती पडणार! कडा उचलल्या गेल्यामुळे भिंतीच्या माथ्याशी काचेचा त्रिकोणी पट्टा मोकळा होतो, आणि त्यातून पर्वताची धार व आकाश थेट बैठकीत उतरते. जेथे ऊन झोंबते तेथे रुंद वळचण, जेथे आडोसा हवा पण वारा अडू नये तेथे सिमेंटच्या सच्छिद्र ठोकळ्यांची जाळी. पर्वत पश्चिमेस असल्याने संध्याकाळ होण्यापूर्वीच त्याची सावली अंगणात येते, आणि जाळीची नक्षी जमिनीवरून हळूहळू पुसली जाते.

दोषही सांगितले पाहिजेत. एकेरी काच आणि पातळ छप्पर यांमुळे ही घरे उन्हाळ्यात वातानुकूलनाच्या यंत्राविना राहण्याजोगी नव्हती. वाळवंटात दारोदारी पोहण्याचा तलाव, ही चैनच होती. आणि याच शहरात, सेक्शन १४ या अग्वा कॅलिएंटे आदिवासींच्या मालकीच्या एक चौरस मैल जमिनीवर राहणाऱ्या कृष्णवर्णीय व मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची घरे त्याच सुमारास पाडली व जाळली गेली. १९५९ च्या कायद्याने तेथे ९९ वर्षांचे पट्टे करण्याची मुभा मिळताच त्या जमिनीला भलतेच मोल आले होते. नगरपालिकेने जाहीर माफी मागितली ती २०२१ साली. ट्विन पाम्सचे कौतुक करताना हा इतिहास गाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

पितापुत्र अलेक्झांडर १९६५ साली एकाच विमान अपघातात मृत्यू पावले. पुढे अभिरुची पालटली, ही घरे जुनाट ठरली, कित्येकांच्या काचा बुजल्या, जाळ्या निघाल्या. शतकाच्या अखेरीस नवे मालक आले ते मात्र मूळ रूपाच्या शोधात. आणि २०१७ साली मृत्यू येण्यापूर्वी, वयोवृद्ध क्रिझेलने आपले जुने नकाशे त्यांच्यापुढे उलगडून कोणती भिंत मागाहून आली आणि ऊन कोठून यावयास हवे, हे त्यांना समजावून दिले. वसाहतीला नाव देणारे, प्रत्येक आवारात एक जोडी म्हणून लावलेले ताड एव्हाना त्या उचललेल्या छपरांच्या कितीतरी वर गेले आहेत.