अपडेट झालं आणि लॅपटॉप तापायला लागला

रात्री विंडोजचं अपडेट बसलं. सकाळपासून लॅपटॉपचा पंखा थांबायचं नाव घेत नाही आणि मांडीवर घेतला तर चटका बसतो. अशा वेळी आपला सगळा राग अपडेटवर निघतो. पण ते काढून टाकण्याची घाई करू नये.

आधी लॅपटॉप उलटा करून पाहावा. तळ फुगलेला वाटला किंवा टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगली आहे. मग पुढचं काहीच करायचं नाही. बंद करायचा, चार्जर काढायचा आणि दुरुस्तीला न्यायचा.

तसं नसेल तर पहिलं काम म्हणजे वाट पाहणं. पंगत उठली तरी भांडी घासायची राहिलेली असतात, तसंच हे. कोणती फाइल कुठे आहे याची यादी विंडोज नव्याने बनवतं, अँटीव्हायरस तपासणी करतो, जुन्या अपडेटची रद्दी आवरली जाते. चार्जर लावून, टेबलावर, झाकण उघडं ठेवून आणि स्लीप तात्पुरतं बंद करून दोन-तीन तास त्याला त्याचं काम करू द्यावं. आपण चुकतो ते इथेच: तापला म्हणून झाकण मिटतो, काम अर्धवट राहतं आणि उघडला की पुन्हा सुरू होतं.

मग रीस्टार्ट. शट डाउन करून चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. बऱ्याच लॅपटॉपवर 'फास्ट स्टार्टअप' चालू असतं, त्यामुळे शट डाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच उचलतं. आतला गोंधळही तसाच राहतो.

तरीही तापत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबावं. टास्क मॅनेजर उघडतो. कोणता प्रोग्रॅम किती राबतोय याची ही हजेरी. 'सीपीयू' या मथळ्यावर क्लिक केलं की सर्वात खादाड वर येतो. 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' किंवा 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' दिसलं तर हात लावू नये, ती अपडेटनंतरची भांडी आहेत. दोन दिवसांनीही तीच नावं वर असतील तर मात्र काहीतरी अडकलंय. ब्राउझर वर असेल तर चाळीस टॅब कुणी उघडले ते आपल्याला ठाऊक असतंच.

सेटिंग्जमध्ये 'पॉवर मोड'ही पाहून घ्यावा. तो 'बेस्ट परफॉर्मन्स'वर असेल तर 'बॅलन्स्ड'वर आणावा.

अपडेट खरोखर दोषी असतं ते बहुधा ड्रायव्हरमुळे. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि यंत्राचा एखादा भाग यांच्यातला दुभाषा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले अडॅप्टर्स'खालच्या नावावर डबल क्लिक करावं, 'ड्रायव्हर' टॅबमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' मिळेल. बटण फिकट असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही; लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचाच घ्यावा. विंडोजची आवृत्तीच बदलली असेल तर जुनीवर परतायला साधारण 10 दिवस मिळतात. दरमहाचं सुरक्षा अपडेट काढणं मला शेवटचा उपाय वाटतो. दार उघडं टाकून झोपण्यासारखं आहे ते.

आणि टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू पाच टक्क्यांवर असूनही लॅपटॉप तापत असेल तर? मग कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढंच. दोष अपडेटचा नाही, लॅपटॉपला नीट थंड होता येत नाही. मेमधल्या नागपुरात तर पंखा आत ओढतो ती हवाच चाळीस अंशांच्या पुढे असते. प्रोसेसर शंभराच्या आसपास पोचला की स्वतःच वेग कमी करतो, म्हणून तापलेला लॅपटॉप रेंगाळतो. घाईघाईने फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये. आत दव धरतं.

माझ्या लॅपटॉपच्या वेळी मी दोन आठवडे अपडेटला शिव्या घातल्या. शेवटी दुरुस्तीवाल्याने तळ उघडला. पंखा स्वच्छ दिसत होता. त्याने तो उचलला, तर मागच्या तांब्याच्या जाळीवर धुळीचा करडा थर नमद्यासारखा बसलेला. चिमट्याने तो अख्खा सुटून आला. पंख्याच्या पात्यांत काडी अडकवून त्याने हवा मारली, कारण मोकळं पातं हवेने भन्नाट फिरून बिघडू शकतं. मग नमदा माझ्या हातावर ठेवत त्याने विचारलं, "गादीवर ठेवून वापरता ना?"