रुग्णसमाचार

वैद्य ज्या दिवशी चिकित्सालय बंद ठेवतो तो त्याचा सुटीचा दिवस, असा पुष्कळांचा समज असतो. व्यवसायबंधूंना वस्तुस्थिती ठाऊक आहे. महिनाभर साठलेली कामे त्या एकाच दिवसाची वाट पाहत बसलेली असतात. गेल्या चैत्रातील असाच एक दिवस येथे सांगावयाचा आहे. त्या दिवशीच्या कामांच्या यादीत अगदी शेवटी, आणि तेही कोपऱ्यात, आम्ही लिहिले होते : 'समाचारास जाणे.'

आमचे एक बालमित्र अर्धापूरहून मालेगावच्या वाटेवर शेतात राहतात. केळी आणि हळद ही त्यांची दोन पिके. सव्वादोन महिन्यांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला, नांदेड येथे अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसविण्यात आला आणि आठवड्याच्या आत ते घरी परतले. रुग्णालयात आम्ही एकदा दहा मिनिटे भेटून आलो होतो. त्यानंतर "आज जाऊ, उद्या जाऊ" असे चालले होते. गावात राहून मित्राकडे जाणे होत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पण ती खरी आहे.

सकाळी सातला निघून प्रथम एका शेतकऱ्याकडे हळद पाहिली. आमच्याकडे चैत्रात शिवारभर हळद शिजविण्याचा वास असतो. कढया उतरतात, खळ्यावर कांड्या वाळत पडतात आणि पॉलिशच्या ढोलाचा आवाज दूरवर ऐकू येतो. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून या भागातील शेतकरी मालाविषयी अधिक अभिमानाने बोलू लागला आहे. हरिद्राखंडासाठी आम्ही दरवर्षी पॉलिश न केलेली कांडी घेतो. ती दिसावयास काळवंडलेली असते, पण तिच्यावर बाहेरून रंग चढविलेला नाही याची खात्री असते. औषधी दुकानदारांनी पिवळ्याधमक पुडीचा मोह टाळावा, एवढेच सुचवितो.

पुढे बँकेत तास गेला. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

अकराच्या सुमारास आसना ओलांडून नांदेडात पोहोचलो. वजिराबादेतील शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात एका जुन्या सहाध्यायाकडून ग्रंथ आणावयाचा होता. तो रजेवर निघाला. नोंदणीच्या नूतनीकरणाचे कागद एका ठिकाणी द्यावयाचे होते. तेथे एक झेरॉक्स कमी पडली. मग मोंढ्यात वनौषधींच्या आडत्याकडे गेलो. यादीत हिरडा, बेहडा, गोखरू आणि वीस किलो अर्जुनसाल होती.

अर्जुन, ज्यास आपल्याकडे अर्जुनसादडा म्हणतात, त्याची साल घेताना ऐनाची साल मिसळून येण्याचा धोका सर्वांच्या परिचयाचा आहे. अर्जुनाची साल बाहेरून गुळगुळीत, फिकट राखी, तिचे पापुद्रे निघालेले. आतून तांबूस गुलाबी. ऐनाची साल खरखरीत, खोल भेगांची, सुसरीच्या पाठीसारखी. आडत्याने पुढे केलेल्या पोत्यात दोन्ही होत्या. आम्ही पोते उपडे करून घेतले, एकेक तुकडा पाहिला आणि जवळजवळ पाऊण तास घालवून चार किलो साल बाजूला काढावयास लावली. आडत्या म्हणाला, "वैद्यसाहेब, एवढं कोण बघतंय?" आम्ही बघतो, असे आम्ही काहीशा ताठ्याने सांगितले. हा ताठा ध्यानात असू द्यावा, कारण संध्याकाळी तो उतरला.

परतीच्या वाटेवर तरोडा नाक्याजवळ डाळिंबे घेतली. केळी उत्पादकाच्या घरी केळी नेण्यात अर्थ नव्हता. शिवाय चरकाचार्यांच्या हृद्य गणात दाडिम आहे. त्या गणात आंबा, बोर, महाळुंग असे रुचकर अम्ल पदार्थच प्रामुख्याने आहेत. अर्जुन मात्र तेथे नाही, तो चरकात उदर्दप्रशमन गणात येतो. हृद्रोगात अर्जुनाचा क्षीरपाक रूढ झाला तो चक्रदत्तादी नंतरच्या ग्रंथांमुळे. हा तपशील आम्ही विद्यार्थ्यांना मोठ्या आवडीने सांगत असतो. त्या दिवशीही गाडी चालविताना तो मनात घोळत होता.

मित्राच्या घरी पोहोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. ते ओसरीवर खुर्चीत बसलेले होते. चेहरा उतरलेला, पण बोलणे नेहमीचे. "या वैद्यराज, वाट चुकलात का?" असे स्वागत झाले. वहिनींनी चहा ठेवला. हळदीचा भाव, केळीच्या गाडीला झालेला उशीर, ईसापूरच्या कालव्याचे पाणी, असे बोलणे अर्धा तास चालले. समाचारास आलेला मनुष्य रोग सोडून सर्व विषयांवर बोलतो. ते एका अर्थी योग्यही आहे. आम्ही उठण्याच्या बेतात असताना वहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्यांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. आता थांबलंय."

रक्त का आले, यापेक्षा ते कशाने थांबले, हा प्रश्न आमच्या मनात आधी आला. आम्ही औषधे पाहावयास मागितली.

एका पिशवीत सर्व काही बाहेर आले. सकाळी अनशापोटी कच्च्या लसणाच्या चार पाकळ्या, कोणा आप्ताने सांगितलेल्या. रात्री दुधातून हळद, तीही चिमूटभर नव्हे, चांगली भरलेली मोठी चमचाभर; घरची हळद, कमी कशाला घालायची? आणि अर्जुनारिष्टाची बाटली, निम्मी झालेली. तिच्यावर आमच्याच दुकानाची चिठ्ठी होती.

हृद्रोगतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्यांत रक्तातील चकत्या एकमेकींस चिकटू नयेत यासाठी दोन प्रकारच्या गोळ्या होत्या. त्यांपैकी क्लोपिडोग्रेलच्या तीस गोळ्या सव्वीस दिवसांपूर्वी आणलेल्या, तसे बिलावर नोंदविलेले. चार शिल्लक असावयास हव्या होत्या. आम्ही मोजल्या. तेरा होत्या.

"नऊ दिवस झाले, बंद केल्या," मित्र सहजपणे म्हणाले. "दोन्ही. रक्त यायला लागलं ना! आणि तूच म्हणलास की दवाखान्यात, अर्जुन हृदयाला लई चांगला. मग म्हटलं, तेवढ्यावर भागतंय."

आम्ही ते वाक्य उच्चारले होते. रुग्णालयातील त्या दहा मिनिटांत, उठता उठता, धीर देण्यासाठी. मात्रा सांगितली नव्हती, काळ सांगितला नव्हता, चालू औषधांसह घ्यावे की नंतर, याविषयी एक अक्षरही बोललो नव्हतो. त्यांनी मुलाला आमच्या दुकानात पाठविले, "वैद्यांनी सांगितलंय" असे त्याने म्हटले, आणि दुकानातील पोराने बाटली दिली.

वाचकांपैकी अनेकांस हे माहीत असेल, तरी नोंदवितो. स्टेंट ही धातूची जाळी. तिच्यावर रक्तवाहिनीचे अस्तर चढावयास काही महिने लागतात. तोवर रक्ताच्या दृष्टीने ती परकी वस्तू असते आणि तिच्यात गुठळी होण्याचा धोका असतो. म्हणून झटक्यानंतर या दोन गोळ्या सामान्यतः वर्षभर देतात; कोणास कमी काळ द्यावयाच्या, हे हृद्रोगतज्ज्ञ ठरवितात. पहिल्या काही महिन्यांत त्या मध्येच सुटल्या तर जाळी अचानक बंद होऊन पुन्हा झटका येऊ शकतो, आणि तो पुष्कळदा प्राणघातक ठरतो. अर्जुनावर लहान प्रमाणात अभ्यास झाले आहेत, त्याविषयी आदर बाळगण्यास जागा आहे. पण तो या गोळ्यांची जागा घेतो असे दाखविणारा पुरावा नाही. दुसऱ्या बाजूने, लसूण आणि अधिक मात्रेतील हळद यांमुळे या गोळ्यांसोबत रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढू शकते. म्हणजे बंद करावयाचा होता तो लसूण, आणि बंद झाल्या त्या गोळ्या. अरिष्टातील गूळ आणि स्वयंजनित मद्यार्क यांचा विचार तर कोणी केलाच नव्हता.

छातीत दुखणे, दम लागणे, घाम, यांपैकी काही नव्हते. नाडी पाहिली, रक्तदाब मोजला. मग त्यांच्या देखतच हृद्रोगतज्ज्ञांस दूरध्वनी लावला आणि कोणतीही गोष्ट न लपविता, आमच्या वाक्यासह, सर्व सांगितले. ते रागावले नाहीत. गोळ्या त्याच क्षणी सुरू करावयास सांगून पहिली मात्रा किती द्यावयाची ते त्यांनी सांगितले. ती त्या रुग्णापुरती असल्याने येथे देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ईसीजीसाठी बोलाविले. हिरड्यांतून रक्त आले तर गोळी न सोडता कळवावे, असेही बजावले. मित्राने आमच्यासमोर गोळ्या घेतल्या. लसूण स्वयंपाकघरात परत गेला, हळद फोडणीपुरती राहिली, बाटली आम्ही पिशवीत टाकली.

चरकसंहितेतील खुड्डाकचतुष्पाद अध्यायात रुग्णाचे जे चार गुण सांगितले आहेत, त्यांत ज्ञापकत्व आहे : आपले सर्व काही वैद्यास सांगता येणे. आम्ही तो गुण आजवर रुग्णाच्या खात्यात टाकून मोकळे होत होतो. आमच्या मित्राने काहीही लपविले नव्हते. त्याला कोणी विचारलेच नव्हते. घरी आप्त आले, शेजारी आले, प्रत्येकाने काहीतरी घ्यावयास सांगितले. तो काय घेतो, हे एकानेही पाहिले नाही, आणि त्या आलेल्यांत पदवीधर वैद्य असा एकटा आमचाच क्रमांक होता.

"मग अर्जुन वाईट का?" निघताना त्यांनी विचारले. वाईट नाही, असे सांगितले. तुमच्या डॉक्टरांशी बोलून, मात्रा ठरवून, पुढे पाहू, आज नाही. ते हसले. "सकाळपासून काय करत होतास?" असे त्यांनी विचारले, तेव्हा गाडीत सोळा किलो निवडलेली अर्जुनसाल आहे हे सांगावयास जीभ रेटेना.

दुकान बंद होण्यापूर्वी पोहोचलो. पोराला बोल लावण्यात अर्थ नव्हता. त्याने आमच्या नावावर विश्वास ठेवला होता. त्या दिवसापासून काउंटरवर एक वही आहे. हृद्रोग, मधुमेह, रक्तदाब यांसाठी कोणी काही मागितले की अगोदर चालू असलेल्या गोळ्यांची नावे विचारावयाची, वहीत लिहावयाची, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे नाव आले तर बाटली न देता आम्हांस दूरध्वनी करावयाचा. पहिल्या महिन्यात असे अकरा दूरध्वनी आले. दोन ग्राहक चिडून दुसऱ्या दुकानात गेले.

दुसऱ्या दिवशीचा ईसीजी पूर्वीसारखाच होता. नोंदणीच्या कागदांची झेरॉक्स मात्र अजून राहिली आहे.