शेवटचा कोण?

वाचनालयातून शेवटी निघणाऱ्यानं दिवा मालवावा, हा नियम साधाच. पण शेवटचा कोण, हे ठरवायचं कसं? दाराशी पाटी टांगावी. येणाऱ्यानं आकडा एकानं वाढवावा, जाणाऱ्यानं एकानं घटवावा. शून्य झालं की दिवा बंद!

संगणकाच्या स्मृतीतही अशीच मोजदाद ठेवतात. ही युक्ती जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० साली मांडली. एकच माहिती प्रोग्रॅमचे अनेक भाग वापरीत असतात. शेवटच्याचं काम संपलं, की ती जागा मोकळी करावयाची.

मात्र प्रोग्रॅमचे अनेक धागे एकाच वेळी चालू लागले, की घोटाळा होतो. समजा, पाटीवर १ आहे आणि दोघे एकदम आले. दोघांनीही १ वाचला, दोघांनीही २ लिहिला. आत माणसं तीन, पाटीवर दोन! पुढे दोघे गेले की आकडा शून्यावर येणार, आणि तिसरा बिचारा अंधारात. संगणकात तर ती मोकळी झालेली जागा भलत्याच कामाला दिली जाते. मग तिसऱ्या धाग्याच्या हाती चुकीची माहिती येते, नाहीतर प्रोग्रॅमच कोसळतो.

२०१५ साली पहिली पक्की आवृत्ती निघालेल्या 'रस्ट' भाषेत यासाठी 'आर्क' नावाची सोय आहे. तिच्यात आकडा वाचणं, बदलणं आणि लिहिणं ही एकच अखंड क्रिया असते. मध्ये कुणाला हात घालता येत नाही. घटवतानाच आधीचा आकडा हाती येतो. तो १ असेल, तर आपणच शेवटचे. आकडा घटवून पाटी पुन्हा पाहू गेलात, तर दोघांनाही शून्य दिसेल आणि एकच जागा दोनदा मोकळी होईल!

आणखी एक पथ्य आहे. जाणाऱ्यानं आपलं लिखाण पुरं करूनच आकडा घटवावा, आणि शेवटच्यानं सर्वांचं लिखाण पोचल्याची खात्री करूनच आवरावं. संगणक वेगासाठी कामांचा क्रम बदलतो. म्हणून हे त्याला स्पष्ट बजावावं लागतं.

ही अखंड क्रिया थोडी महाग पडते. म्हणून एकाच धाग्याच्या कामासाठी रस्टमध्ये 'आरसी' ही स्वस्त पाटी आहे. ती चुकून दुसऱ्या धाग्याकडे देऊ गेलात, तर प्रोग्रॅम तयारच होत नाही.

एवढं मात्र ध्यानात असू द्या: पाटी दिव्याची राखण करते, पुस्तकाची नव्हे. एकाच पानावर दोघांना लिहायचं असेल, तर कुलूप वेगळंच लागतं.